'सात सक बेचाळीस'मध्ये सहा कुठे आहे? : चौथीतील एका मुलाचे प्रकरण

सातारा जिल्ह्यातील एका वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेत मी तिसरी आणि चौथीचे वर्ग एकत्र शिकवते. येथे मांडलेले प्रकरण चौथीतील एका मुलाचे आहे. त्याचे नाव देण्याचे कारण नाही, कारण त्याच्यासारखी दोन-तीन मुले बहुतेक प्रत्येक वर्गात असतात आणि ती पाढ्यांत कच्ची आहेत हे आपल्या लक्षात येत नाही. हा मुलगा तर पाढ्यांसाठीच प्रसिद्ध होता. दुसरीत असताना त्याचे दहापर्यंतचे पाढे पाठ झाले होते, तिसरीत तो वीसपर्यंत पोहोचला, आणि स्नेहसंमेलनात त्याने सतराचा पाढा एका दमात म्हणून दाखवला तेव्हा पाहुण्यांनी त्याला जवळ बोलावून पाठ थोपटली होती.

चौथीत भागाकार सुरू झाला आणि अडचण उघडी पडली. फळ्यावर १६८ भागिले ७ हे उदाहरण होते. त्याने पहिल्या दोन अंकांखाली, म्हणजे १६ खाली, बोट ठेवले. ओठ हलू लागले आणि पायाचा अंगठा फरशीवर ठेका धरू लागला. 'सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस' येथे त्याने थांबायला हवे होते, पण ठेका त्याला थांबू देत नव्हता. तो थेट सत्तरपर्यंत गेला, मग मान वर करून म्हणाला, "मॅडम, सोळा आलंच नाही."

त्याचे म्हणणे अगदी खरे होते. सातच्या पाढ्यात सोळा येतच नाही. पाढा सात आणि दोन यांच्याकडून चौदाकडे जातो, आणि भागाकार मात्र पाढ्यात नसलेल्या संख्येपासून सुरू होऊन तिच्या अलीकडचा मुक्काम कोणता असे विचारतो. 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या सर्वेक्षणातल्या चाचणीत गणिताची सर्वांत वरची पायरी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याची ठेवलेली असते, ती का, हे त्या दिवशी मला नव्याने समजले. तेथे पाढा म्हणून दाखवता येत नाही, वापरावाच लागतो.

यानंतर मी जे केले ती चूक होती, आणि ती सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण ती मी एकटीच करत असेन असे मला वाटत नाही. सराव कमी पडतो आहे असा निष्कर्ष काढून मी त्याला सहा, सात, आठ आणि नऊ हे पाढे रोज पाच वेळा लिहून आणायला सांगितले. वही रोज भरून येत होती, अक्षर सुबक होते, पण दोन आठवड्यांनंतरही १६ खाली बोट ठेवल्यावर ओठ तसेच हलत होते. एके दिवशी मधल्या सुट्टीत तो वर्गातच बसून लिहीत होता, तेव्हा मी त्याच्या मागे उभी राहून पाहिले. त्याने चौकटीच्या वहीत आधी ७ हा अंक दहा वेळा एकाखाली एक लिहिला. मग गुणिलेच्या खुणांचा रकाना केला, मग एकपासून दहापर्यंतचे अंक उतरवले, मग बरोबरच्या खुणा. शेवटी उत्तरांच्या रकान्यात तो खाली खाली सात मिळवत गेला. या सगळ्यात 'सात सक किती' हा प्रश्न त्याला एकदाही पडला नव्हता. मी दिलेला अभ्यास हा पाढ्यांचा अभ्यास नव्हताच. फार तर तो सातच्या बेरजेचा आणि हस्ताक्षराचा होता.

नेमके कुठे अडते?

लिहायचे काम बंद केले आणि चार दिवस, परिपाठ संपल्यावर, दहा-दहा मिनिटे त्याच्याजवळ नुसती बसले. शिकवायचे काही नाही, फक्त विचारायचे आणि ऐकायचे, असे ठरवले होते.

पहिल्या दिवशी मधलेच गुणाकार विचारले. 'सात सक?' म्हटल्यावर तो एकेपासून सुरुवात करत होता, 'आठ नव्वे?' म्हटल्यावरही तसेच. पाढा त्याच्याजवळ एका लांब सुरावटीसारखा होता. आरतीतले मधलेच कडवे विचारले तर आपल्यालाही सुरुवातीपासून गुणगुणावे लागते, तसे. पाठांतर खोटे नव्हते, पण ते एकाच दाराने उघडत होते.

दुसऱ्या दिवशीचे उत्तर मी अजून विसरलेले नाही. मी विचारले, "सात सक बेचाळीस, यात सहा कुठे आहे?" त्याने मनात दोनदा म्हणून पाहिले आणि सांगितले, "सहा नाहीये मॅडम. सात आहे, बेचाळीस आहे." मी विचारले, "मग सक म्हणजे काय?" तो म्हणाला, "पाचेच्या पुढचं."

आपले पाढ्यांचे शब्द फार जुने आहेत. त्रिक, चोक, सक ही त्रिक, चतुष्क, षट्क या समूह सांगणाऱ्या शब्दांची रूपे आहेत. सात त्रिक म्हणजे सातचे तीन वेळा घेतलेले गट. दुणे आणि पाचे यांतून दोन आणि पाच थोडेफार ऐकू येतात, सत्ते आणि अठ्ठे यांतही सात-आठ ओळखता येतात. पण चोक आणि सक हे शब्द आजच्या मुलाला पाढ्याबाहेर कुठेही भेटत नाहीत, आणि 'नव्वे' ऐकून काही मुलांना नव्वद आठवते. हे मी वीस वर्षांत कधी शिकवलेले नव्हते. 'बे चोक आठ' म्हणताना चोक म्हणजे चार हे मुलाला आपोआप समजते असे मी धरून चालले होते.

तिसऱ्या दिवशी पाढे बाजूला ठेवून संख्यांचे श्रुतलेखन घेतले. वीस संख्या सांगितल्या, त्यांपैकी नऊ चुकल्या, आणि चुकांना एक रीत होती. एकोणपन्नास सांगितल्यावर त्याने ५९ लिहिले आणि एकोणतीस सांगितल्यावर ३९, कारण शब्दात पन्नास आणि तीस ऐकू येतात आणि 'एकोण'चा संबंध त्याने नवाशी बरोबर जोडला होता. दशक मात्र एकाने मागे घ्यायचे असते हे कुणी सांगितले नव्हते. त्रेसष्ट सांगितल्यावर ३६ लिहिले, चौसष्टला ४६; तोंडाने एकक आधी येतो म्हणून पेन्सिलीनेही तो आधी आला. चोपन्न आणि छप्पन यांची त्याने अदलाबदल केली. हाच मुलगा १ ते १०० अंक न चुकता लिहीत असे, कारण तेथेही क्रमाचा आधार होता.

त्या संध्याकाळी मी त्याची जुनी गणिताची वही काढून पुन्हा तपासली. ७ × ७ समोर ५९ लिहिलेले होते आणि त्यावर माझी लाल फुली होती. तो 'सात सत्ते एकोणपन्नास' असे बरोबर म्हणाला असणार आणि लिहिताना घसरला असणार. मी फुली मारली ती गुणाकाराला, आणि चूक होती ती संख्यानामाची. औषध म्हणून मी सातचा पाढा आणखी पाच वेळा लिहायला दिला होता!

संख्यानामांचा जुना वाद

येथे थोडे विषयांतर करते, पण ते या प्रकरणाला लागूनच आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात एकवीसपासून पुढच्या संख्या 'वीस एक', 'साठ तीन' अशाही वाचायला दिल्या गेल्या, तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ झाला होता. विधानसभेतही तो विषय निघाला. गणित विषयाच्या समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर होत्या. मुलांना जोडाक्षरी संख्यानामे जड जातात, शिवाय बोलण्याचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम उलट असल्यामुळे गोंधळ होतो, आणि जुनी नावे काढून टाकलेली नाहीत, अशी बाजू त्यांनी मांडली होती. तेव्हा आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, शिक्षण परिषदेच्या दिवशी आम्ही सगळ्यांनी त्यावर विनोद केले होते. त्यात मीही होते. त्रेसष्टसाठी ३६ लिहिणारा मुलगा समोर बसल्यावर मात्र ते विनोद फारसे आठवेनासे झाले. माझे मत आजही असे आहे की एकोणपन्नास, त्रेसष्ट, बहात्तर हे शब्द मुलांना आलेच पाहिजेत, कारण बाजारात आणि घरात तेच चालतात. पण त्या शब्दांकडे जाण्यासाठी 'साठ तीन'ची पायरी लागत असेल तर ती द्यावी.

आम्ही ती दिली. महिनाभर तो उत्तर दोनदा सांगत असे, "सात नव्वे साठ तीन, त्रेसष्ट." यामुळे पाढ्याची लय मोडली. त्याला ते आवडले नाही, आणि मला तेच हवे होते. एकोणाच्या आठही संख्या वेगळ्या घेतल्या. मणीमाळेवर पन्नास मणी सरकवायचे, एक मागे घ्यायचा, उरले ते एकोणपन्नास. एकोणवीसपासून एकोणऐंशीपर्यंत सात वेळा हे केल्यावर तो स्वतःच म्हणाला, "म्हणजे यायच्या आधीच नाव लावलंय." नव्याण्णवपाशी आणि त्याआधी एकोणनव्वदपाशी तो पुन्हा अडखळला, कारण एकाला 'एकोण' आहे आणि दुसऱ्याला नाही. भाषा अशीच आहे, एवढेच मी त्याला सांगू शकले.

ट्रे कापला

गुणाकाराचा अर्थ चिंचोक्यांच्या गटांनी दाखवता येतोच, पण चिंचोके हलतात आणि सात सक आणि सहा सत्ते हे एकच आहे हे त्यांवरून चटकन दिसत नाही. त्याची आई भाजीपाल्याच्या रोपवाटिकेत कामाला जाते. तिच्याकडून रोपांचे फुटके प्लास्टिकचे ट्रे मागवले. हे ट्रे ९८ कप्प्यांचे असतात, एका बाजूला ७ आणि दुसऱ्या बाजूला १४ कप्पे. मुलाने असे ट्रे हजारदा हाताळलेले होते, पण त्यात पाढा आहे हे त्याला माहीत नव्हते. खरे तर मलाही नव्हते.

कात्रीने ट्रेचा सात ओळी आणि आठ स्तंभांचा तुकडा कापला. उभा धरला की सात अठ्ठे, आडवा धरला की आठ सत्ते; कप्पे तेवढेच. मग पाच स्तंभांनंतर पुन्हा कात्री चालवली. एका हातात सात पाचे पस्तीस, दुसऱ्या हातात सात त्रिक एकवीस. "बेरीज कर." त्याने पस्तीस आणि एकवीस मिळवून छप्पन आणले आणि मग बराच वेळ दोन्ही तुकडे एकमेकांना जोडून आणि सोडवून पाहत बसला. एखादे उत्तर आठवले नाही तर ते तयार करता येते, सुरुवातीपासून पाढा म्हणत यावे लागत नाही, ही गोष्ट त्याच्यासाठी नवी होती. पुढच्या दोन आठवड्यांत आम्ही अशा काही वाटा पक्क्या केल्या. नवाचा गुणाकार अडला तर दहाचा करून एकदा तेवढे वजा करायचे, म्हणजे सात दाहे सत्तरमधून सात गेले की त्रेसष्ट. सहाचा अडला तर त्रिक करून दुप्पट, म्हणजे आठ त्रिक चोवीस आणि चोवीस दुणे अठ्ठेचाळीस. आठ अठ्ठे हे आठ चोकच्या दुप्पट. ५६ = ७ × ८ यात पाच, सहा, सात, आठ ओळीने येतात, हे तिसरीतल्या एका मुलीने शोधले आणि त्याला सांगितले.

मग किती पाठ करायचे उरते, याचा हिशेब भिंतीवर दहा बाय दहाचा तक्ता लावून केला. एकूण १०० चौकटी. उलटसुलट जोड्या एकच मानल्या की ५५ उरतात. एक, दोन, पाच आणि दहा यांचे गुणाकार त्याला कुठूनही विचारले तरी येत होते. ते झाकले तेव्हा तक्त्यावर २१ चौकटी राहिल्या. त्यांपैकी बारा त्याने थोड्या दिवसांत उचलल्या. खऱ्या अर्थाने अडणारे नऊच निघाले: ४ × ८, ६ × ७, ६ × ८, ६ × ९, ७ × ७, ७ × ८, ७ × ९, ८ × ८ आणि ८ × ९. वीसपर्यंतचे पाढे म्हणणाऱ्या मुलाची सगळी अडचण नऊ चौकटींत मावते, हे पाहून त्याला हायसे वाटले, आणि मलाही.

या नऊंचे पत्ते केले. पुढे गुणाकार, मागे उत्तर. लगेच उत्तर आलेला पत्ता उजवीकडे, करून काढलेला मध्ये, चुकलेला डावीकडे. डावीकडचे रोज, मधले एक दिवसाआड, उजवीकडचे आठवड्याने. रोज सात-आठ मिनिटे, त्याहून जास्त नाही. घड्याळ लावले नाही. एकदा लावून पाहिले तेव्हा तो पुन्हा ठेका धरू लागला होता. सात अठ्ठे विचारल्यावर तो कधी त्रेसष्ट म्हणायचा, कधी अठ्ठेचाळीस, पण सत्तावन्न कधी म्हणाला नाही. चुकीची उत्तरेही शेजारच्या घरातलीच होती, पाढ्याबाहेरची नव्हती. अशा चुकीवर 'पाठ कर' म्हणण्यापेक्षा दोन्ही पत्ते शेजारी ठेवून "त्रेसष्ट कुणाचं?" असे विचारलेले अधिक उपयोगी पडले.

आजींचा परवचा

घरी त्याची आजी रोज दिवेलागणीला शुभंकरोतीनंतर त्याच्याकडून पाढे म्हणून घेत असत. त्या स्वतः चौथीपर्यंत शिकलेल्या. लिहायचे काम मी बंद केले आणि क्रमाने म्हणणे मागे पडले हे त्यांच्या कानावर गेले, तेव्हा त्या शाळेत आल्या. "मॅडम, आमच्या टायमाला पाढं म्हटल्याबिगर ताट पुढ्यात येत न्हवतं. पावकी, निमकी, अडीचकी, समदं तोंडपाठ. आन् तुम्ही याला दहाच्या वर म्हणू नको म्हणताय?" त्यांचा राग समजण्यासारखा होता.

मी म्हटले, "आजी, बसा. अडीच किलो कांदा अठ्ठावीस रुपये किलोनं घेतला तर किती झाले?" त्या म्हणाल्या, "सत्तर." मी विचारले, कसे काढले? "अठ्ठावीस दुणे छप्पन, आन् निम्मं चौदा." अडीचकी, म्हणजे अडीचचा पाढा, तोंडपाठ असणाऱ्या आजींनी अडीचकी म्हटलीच नाही, त्यांनी दुप्पट केली आणि निम्मे मिळवले. मी नातवाकडे पाहिले. तो हसत होता, कारण ट्रे कापताना आम्ही नेमके हेच करत होतो.

मग तडजोड ठरली. परवचा बंद करायचा नाही, कारण तो आजींचा आणि नातवाचा वेळ आहे आणि लयीत म्हटलेला पाढा हा चुकीचे उत्तर कानाला खटकण्यासाठी उपयोगी पडतोच. पण पाढे म्हणून झाले की आजींनी पाच मधलेच विचारायचे, आणि एखादा पाढा दाहेपासून एकेपर्यंत उलटा म्हणून घ्यायचा. उलटा म्हणताना सुरावट साथ देत नाही. आजींनी हे मनावर घेतले, फक्त आपल्या पद्धतीने. अकरा दाहे 'दाहोदरसे' आणि बारा दाहे 'विसासे' अशी जुनी उत्तरे त्या देत राहिल्या, आणि मुलगा शाळेत येऊन मला विचारत राहिला की विसासे म्हणजे वीस की शंभर. शंभरावर वीस, हे एकदा कळल्यावर ते शब्द त्याने वर्गभर पसरवले.

काय झाले, काय राहिले

फेब्रुवारीअखेर नऊपैकी सात पत्ते उजवीकडे गेले होते. सात अठ्ठे आणि सहा नव्वे मधल्या गठ्ठ्यात राहिले. उत्तर येते, पण क्षणभर डोळे वर जातात आणि पस्तीस अधिक एकवीस होतात. मला त्यात काही वावगे वाटत नाही. तीन अंकी भागाकार तो करू लागला आणि भागाकाराच्या उदाहरणांत पायाचा ठेका जवळजवळ थांबला.

याची किंमतही मोजावी लागली. तेरापासून पुढचे पाढे म्हणणे सुटले आणि सतराचा तर पार विसरला. पालकसभेत त्याचे वडील सर्वांसमोर म्हणाले, "आधी वीसपर्यंत येत होतं, मॅडमनी दहावर आणलं." मी ट्रेची गोष्ट सांगितली, पण त्यांचे समाधान झाले असे मला वाटले नाही. सतराचा पाढा स्नेहसंमेलनात म्हणता येतो, भागाकारात डोळे वर जाणे कुणाला दिसत नाही. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवायचे झाले तर पंधरा-वीसपर्यंतचे पाढे त्याला लागतील हेही खरे आहे. ते या वेळी सतरा म्हणजे दहा आणि सात असे फोडून करायचे ठरवले आहे, पण ते काम पुढच्या वर्षीच्या शिक्षकांकडे जाईल आणि ते कसे करायचे ते ठरवणे त्यांच्या हातात आहे.

वर्गाच्या पातळीवर मी दोन गोष्टी बदलल्या. तिसरीत पाढे सुरू करण्यापूर्वी त्रिक, चोक, सक या शब्दांचे अर्थ सांगते आणि संख्यांचे श्रुतलेखन क्रम मोडून घेते. आणि ७ × ७ समोर ५९ दिसले की फुली मारण्याआधी मुलाला उत्तर वाचून दाखवायला सांगते.

एप्रिलमध्ये संकलित चाचणीच्या आधी त्याला फळ्यावर ४४१ भागिले ७ करायला दिले. ४४ खाली बोट ठेवून तो क्षणभर थांबला, ओठ हलले नाहीत, आणि त्याने वर ६ लिहिला. खाली ४२ वजा केले, वरचा १ उतरवून २१ केले, आणि ३ लिहिला. मी म्हटले, "उत्तर वाच." तो म्हणाला, "छत्तीस." वर्गातले कुणीतरी हसले. त्याने फळ्याकडे वळून पाहिले, खडूने सहाच्या वर एक टिंब दिले आणि म्हणाला, "साठ तीन. त्रेसष्ट."